सभेची भीती : आजार किती आणि जातीचा धाक किती?

महाविद्यालयाचा पहिला दिवस. प्राध्यापक म्हणतात, एकेकाने उभे राहून नाव, गाव आणि आधीची शाळा सांगा. मागच्या बाकावरच्या मुलाची छाती तेव्हापासूनच धडधडू लागते. त्याची पाळी यायला अजून अकरा जण आहेत. त्या अकरा जणांचे तो काहीच ऐकत नाही, स्वतःचेच नाव मनात घोकत राहतो. आडनाव सांगायचे का? तोंडातून 'आणि'च्या जागी 'आनी' गेले तर? आवाज फुटेल का? पाळी येते, तो दोन शब्द पुटपुटतो आणि खाली बसतो. कोणी हसलेलेही नसते. तरी पुढचे आठ दिवस तो तेच दृश्य आठवत राहतो आणि नवव्या दिवसापासून त्या तासाला बसणे सोडून देतो.

असा मुलगा किंवा अशी मुलगी आपल्या प्रत्येक वस्तीत आहे. विहारातल्या अभ्यासिकेत रात्री सर्वांत शेवटी दिवा बंद करणारी, लेखी परीक्षेत पुढे असणारी आणि मुलाखतीच्या दिवशी 'ताप आला' म्हणून घरी राहणारी. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेत एकूण २०२५ गुणांपैकी २७५ गुण मुलाखतीचे असतात. म्हणजे ही भीती कोणाच्या स्वभावाची गंमत राहत नाही, ती थेट पोटापाण्यावर येते.

अशा मुलाला आपण काय म्हणतो? घरचे म्हणतात, 'पहिल्यापासून बुजरा आहे.' मित्र म्हणतात, 'फट्टू आहे.' कार्यकर्ते म्हणतात, 'बाबासाहेबांची लेकरं असून घाबरता?' आणि आमच्यापैकी जे थोडे वाचलेले आहेत ते म्हणतात, 'हा सगळा जातिव्यवस्थेचा परिणाम आहे.' यातले शेवटचे म्हणणे अर्धे खरे आहे, आणि अर्धे खरे असल्यामुळेच ते सर्वांत जास्त तपासून घ्यायला हवे.

आमचे म्हणणे असे आहे. सभेच्या भीतीचा एक आजार असतो, त्याला 'सोशल अँक्झायटी डिसऑर्डर' म्हणजे सामाजिक चिंताविकार म्हणतात आणि त्यावर उपचार आहे. वर्गात, वसतिगृहात, मुलाखतीच्या खोलीत होणारा जातीय अपमानही खरा असतो आणि त्यावर लढा आहे. आजाराला अन्याय म्हटले तर मुलगा उपचाराविना राहतो. अन्यायाला आजार म्हटले तर गुन्हेगार सुटतो आणि औषध पीडिताला मिळते. चळवळीला ही दोन्ही कामे वेगवेगळी ओळखता आली पाहिजेत.

हा विषय आताच का?

गेल्या काही काळात विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याचा प्रश्न देशाच्या सर्वोच्च न्यायालयात दोन वेगवेगळ्या वाटांनी पोहोचला आहे.

आयआयटी दिल्लीतील दोन विद्यार्थ्यांच्या मृत्यूच्या प्रकरणात न्यायालयाने २४ मार्च २०२५ रोजी निवृत्त न्यायमूर्ती एस. रवींद्र भट यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय कृती दल नेमले. उच्च शिक्षण संस्थांतील विद्यार्थी कशामुळे खचतात हे शोधण्याचे काम या दलाकडे आहे, आणि शोधायच्या कारणांमध्ये जातीय भेदभावाचा स्पष्ट उल्लेख आहे. त्यानंतर २५ जुलै २०२५ रोजी, विशाखापट्टणममधील एका विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात न्यायालयाने देशभरातील शिक्षण संस्थांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. १०० किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्याचे शिक्षण घेतलेली व्यक्ती असली पाहिजे. गुणांवरून विद्यार्थ्यांच्या तुकड्या पाडू नयेत, चारचौघांत त्यांचा पाणउतारा करू नये. वंचित घटकांतील विद्यार्थ्यांशी भेदभाव न करता कसे वागावे याचे प्रशिक्षण शिक्षकांना आणि कर्मचाऱ्यांना द्यावे. या विषयावर कायदा होईपर्यंत या सूचना बंधनकारक आहेत.

दुसरी वाट भेदभावाविरुद्धच्या नियमांची. रोहित वेमुला आणि डॉ. पायल तडवी यांच्या मातांनी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१२ चे समतेविषयीचे विनियम कागदावरच राहिले आहेत, अशी त्यांची तक्रार होती. जानेवारी २०२६ मध्ये आयोगाने नवे विनियम काढले आणि त्याच महिन्यात न्यायालयाने त्यांना स्थगिती देऊन २०१२ चे विनियम चालू ठेवायला सांगितले.

या दोन्ही वाटा नीट पाहा. एकीकडे समुपदेशक नेमण्याचा आदेश आहे, दुसरीकडे भेदभाव रोखणारे नियम अडले आहेत. संस्थांना यातले सोपे काय वाटेल? समुपदेशक नेमणे. मग जातीवरून बोलल्याची तक्रार घेऊन गेलेल्या मुलीला 'तू जरा समुपदेशकाला भेट, तुला ताण आला आहे' असे सांगण्याची सोय होईल. हा धोका आम्हाला दिसतो. पण या धोक्याच्या रागाने आपण समुपदेशनाकडेच पाठ फिरवली, तर नुकसान आपल्याच मुलांचे आहे.

आजार म्हणजे नेमके काय?

भाषणाआधी पोटात गोळा येणे हा आजार नाही. तो जवळजवळ सर्वांनाच येतो. लाजाळूपणाही आजार नाही. लाजाळू माणूस ओळख झाली की मोकळा होतो.

आजारात तीन गोष्टी असतात. लोक आपल्याला पाहतील, तोलतील आणि आपली फजिती होईल ही भीती प्रसंगाच्या मानाने फार मोठी असते. ती जवळपास प्रत्येक वेळी येते आणि साधारण सहा महिने किंवा त्याहून जास्त काळ टिकते. आणि तिच्यामुळे शिक्षण, नोकरी, नाती यांत खरी अडचण येते. काहींना फक्त मंचावर बोलण्याची भीती असते. काहींना अनोळखी माणसाला फोन करणे, दुकानात भाव विचारणे, चारचौघांत जेवणे, कोणी बघत असताना सही करणेही जमत नाही. शरीरही साथ सोडते. तोंड लाल होते, हात थरथरतात, घाम फुटतो, आवाज कापतो.

हा आजार बहुतेकांना किशोरवयात जडतो, म्हणजे नेमका आठवी ते बारावीच्या काळात. वैद्यकाने त्याला स्वतंत्र निदान म्हणून १९८० मध्ये मान्यता दिली. त्याआधी आणि नंतरही बराच काळ त्याला स्वभावच समजले गेले. जागतिक आरोग्य संघटनेने अनेक देशांत केलेल्या सर्वेक्षणांत साधारण ४ टक्के लोकांना आयुष्यात कधी ना कधी हा विकार झाल्याचे दिसले. म्हणजे शंभर मुलांच्या अभ्यासिकेत तीन-चार जण असू शकतात. भारतात २०१५-१६ मध्ये बंगळुरूच्या निमहान्स संस्थेने केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणाने सांगितले की, वेगवेगळ्या मानसिक आजारांत ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोहोचतच नाहीत.

मुलींच्या बाबतीत हा आजार आणखी लपतो. गप्प बसणारा मुलगा घरच्यांना निदान खटकतो. गप्प बसणाऱ्या मुलीला 'किती संस्कारी' म्हटले जाते आणि तिच्या भीतीला शाबासकी मिळते.

आणखी एक गोष्ट आपल्या वस्त्यांत उघड बोलायला हवी. चारचौघांत मिसळता यावे म्हणून दारूचा आधार घेणारे तरुण आपण पाहतो. मिरवणुकीत नाचायला, लग्नात बोलायला, मुलीशी ओळख करायला आधी 'थोडी' लागते. सामाजिक चिंताविकार आणि दारूचे व्यसन यांचा संबंध अभ्यासांत वारंवार दिसला आहे. पाचवे शील मोडले म्हणून त्या मुलाला झापण्याआधी तो कशाला घाबरून पितो, हेही विचारले पाहिजे.

जातीचा धाक खोटा नाही

आता दुसरी बाजू. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या दोन अर्थशास्त्रज्ञांनी उत्तर प्रदेशातील गावांमध्ये सहावी-सातवीच्या मुलांवर एक प्रयोग केला. मुलांना कागदावरची भुलभुलैयाची कोडी सोडवायला दिली. जात जाहीर केली नव्हती तेव्हा दलित आणि सवर्ण मुलांच्या कामगिरीत फरक नव्हता. मग तसल्याच दुसऱ्या मुलांच्या गटात सर्वांसमोर प्रत्येकाचे नाव आणि जात वाचून दाखवली. दलित मुलांची कामगिरी घसरली. मुलांची बुद्धी तीच होती आणि कोडीही तीच होती. बदलली होती ती फक्त खोलीतली हवा.

पहिल्या दिवशी आडनाव सांगताना जो घसा कोरडा पडतो, त्याचे मूळ इथे आहे. प्रा. सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २००७ मध्ये दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेबद्दल अहवाल दिला. तोंडी परीक्षेत थेट किंवा आडवळणाने जात विचारली जाते, अशा विद्यार्थ्यांच्या तक्रारी त्यात आहेत. अशा परीक्षेला घाबरणारा विद्यार्थी आजारी आहे असे कोण म्हणेल? तो फक्त डोळे उघडे ठेवून बसला आहे.

बाबासाहेबांनी स्वतःच्या आठवणींत बडोद्यातला अनुभव लिहून ठेवला आहे. परदेशातून शिकून आलेल्या माणसाला राहायला जागा मिळेना. ज्या पारशी धर्मशाळेत ते नाव लपवून राहिले, तिथे काठ्या घेतलेला जमाव आला. त्या दिवशी त्यांना वाटलेली भीती हा कसलाही विकार नव्हता. ती समोरच्या काठ्यांची भीती होती.

म्हणून उपचार करणाऱ्या डॉक्टरांना आणि समुपदेशकांनाही आमचे सांगणे आहे. 'लोक तुझा अपमान करतील हा तुझ्या मनाचा खेळ आहे' हे वाक्य आपल्या मुलांना उच्चारण्याआधी, तो अपमान खरोखर झाला आहे का हे आधी विचारा. जातीबद्दल प्रश्न न विचारणारा समुपदेशक रुग्णाची अर्धी हकीकत ऐकतच नाही.

मग वेगळे कसे ओळखायचे?

निदान करणे हे तज्ज्ञाचे काम आहे. पण मित्र, कार्यकर्ता किंवा पालक म्हणून काही प्रश्न आपण स्वतःला किंवा समोरच्याला विचारू शकतो.

पहिला प्रश्न, भीती कुठे वाटते? एकाच प्राध्यापकाच्या तासाला किंवा एकाच कार्यालयात वाटत असेल आणि बाकी सगळीकडे तो मुलगा मोकळा असेल, तर दोष त्या जागेत शोधा. पण स्वतःच्या विहारात, मावशीच्या घरी, जिथे जातीचा प्रश्नच येत नाही अशा ठिकाणीही घसा तसाच कोरडा पडत असेल, तर आजाराचा विचार करा.

दुसरा प्रश्न, धोका गेल्यावर भीती जाते का? त्रास देणारा वरिष्ठ बदलून गेला, वसतिगृह बदलले, तरी वर्षभराने भीती तशीच असेल, तर ती आता स्वतःच्या पायावर उभी राहिली आहे.

तिसरा प्रश्न, नक्की काय होईल असे वाटते? 'ते माझी जात काढतील' ही एक भीती. 'माझा हात थरथरेल आणि सगळ्यांना दिसेल' ही दुसरी. दुसऱ्या प्रकारची भीती उपचाराने फार चांगली सुटते.

चौथा प्रश्न, तो किती गोष्टी टाळतो? तास, फोन, लग्न, बँक, मुलाखत अशी यादी दर महिन्याला लांबत असेल तर थांबू नका.

पुष्कळदा उत्तर 'दोन्ही' असे येते. आठवीत जातीवरून झालेल्या एका अपमानाने भीती सुरू होते आणि पंचविसाव्या वर्षी ती दुकानदाराशी बोलतानाही सोबत असते. काट्याने जखम झाली म्हणून जखमेवर औषध लावायचे नाही, असे आपण म्हणत नाही. काटाही काढायचा आणि मलमही लावायचे.

उपचार कसा चालतो?

या आजारावर सर्वांत भक्कम पुरावा आहे तो 'कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपी' म्हणजे सीबीटी या संवाद-उपचाराला. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०१३ मध्ये दिलेल्या मार्गदर्शिकेत प्रौढांसाठी हाच पहिला उपचार सांगितला आहे. साधारण चार महिन्यांत १४ ते १६ बैठका असे त्याचे स्वरूप असते.

त्यामागचा विचार समजायला सोपा आहे. भीतीला चार गोष्टी खतपाणी घालतात. एक, माणसाचे सगळे लक्ष स्वतःकडे वळते. हात थरथरतोय का, आवाज कापतोय का हेच तो तपासत बसतो, समोरचा काय बोलतोय ते ऐकत नाही. दोन, बचावाच्या सवयी. मोबाईलमध्ये डोके घालणे, मागचा बाक धरणे, वाक्ये पाठ करून येणे, भराभर बोलून मोकळे होणे. यामुळे 'वाचलो' असे वाटते, पण सवयीशिवायही वाचलो असतो हे कधी कळतच नाही. तीन, टाळणे. आणि चार, प्रसंग संपल्यावर घरी येऊन मनात केलेला पंचनामा.

उपचारात या चारही गोष्टींवर काम होते. लक्ष बाहेर वळवायला शिकवतात. बोलतानाचे चित्रीकरण दाखवतात. आपण आतून जितके घाबरलो होतो तितके बाहेरून दिसत नव्हतो, हे बहुतेकांना तेव्हा पहिल्यांदा कळते. आणि भीतीची शिडी करून एकेक पायरी चढायला लावतात. आधी दुकानात भाव विचारून काही न घेता परत येणे, मग अनोळखी कार्यालयात फोन करणे, मग वर्गात एक प्रश्न विचारणे, मग चार अनोळखी लोकांसमोर सराव-मुलाखत. प्रत्येक पायरी भीती उतरेपर्यंत पुन्हा पुन्हा, आणि बचावाच्या सवयी बाजूला ठेवून.

औषधेही आहेत. एस्सिटालोप्रॅम, सर्ट्रालीन यांसारखी एसएसआरआय गटातील औषधे मनोविकारतज्ज्ञ देतात. गुण यायला काही आठवडे लागतात, बरे वाटल्यावरही काही महिने ती चालू ठेवावी लागतात आणि एकदम बंद करायची नसतात. तरुण वयात सुरुवातीच्या आठवड्यांत अस्वस्थता किंवा जीव नकोसा वाटण्याचे विचार वाढले, तर लगेच डॉक्टरांना सांगावे. मुलाखतीच्या दिवशी मित्राकडून घेतलेली 'धडधड कमी करणारी' गोळी खाऊ नये. प्रोप्रॅनोलॉल दमा असलेल्याला धोक्याची ठरू शकते. झोपेच्या व चिंतेच्या काही गोळ्यांची सवय लागते.

जायचे कुठे? केंद्र सरकारची टेली-मानस ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ हा तिचा क्रमांक आहे, ती मोफत आहे आणि मराठीतही बोलता येते. जीव द्यावासा वाटत असेल तर कोणत्याही वेळी याच क्रमांकावर फोन करा आणि जवळच्या माणसाला सोबत घ्या. बोलायचीच भीती असलेल्याला फोन करणे अवघड जाते हे आम्हाला माहीत आहे, म्हणून पहिला फोन मित्राने शेजारी बसून लावून द्यावा. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली जिल्हा रुग्णालयांत मनोविकारतज्ज्ञांची सोय केलेली असते. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार सरकारी खर्चाने चालणाऱ्या सेवेतून मानसिक आरोग्याचे उपचार मिळणे हा प्रत्येकाचा हक्क आहे, आणि विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजाराप्रमाणेच विमा दिला पाहिजे असेही तो सांगतो. अडचण ही की प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञ शहरांत एकवटलेले आहेत आणि खासगी बैठकीचे पैसे रोजंदारीवरच्या घराला झेपत नाहीत. म्हणूनच सरकारी रुग्णालयात फक्त गोळ्या न देता संवाद-उपचारही मिळाला पाहिजे, ही आपली मागणी असली पाहिजे.

विपश्यना केली की झाले?

आपल्यात हा प्रश्न येणारच. त्याचे उत्तर प्रामाणिकपणे द्यायला हवे.

सजगतेच्या साधनेचा चिंतेवर उपयोग होतो असे दाखवणारे चांगले अभ्यास आहेत. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात सामाजिक चिंताविकाराच्या १०८ रुग्णांवर गट-सीबीटी आणि बारा आठवड्यांचा सजगता-वर्ग दोन्ही उपयोगी ठरले. पण २०१३ च्या ज्या नाइस मार्गदर्शिकेचा उल्लेख वर आला, तिनेच या आजारासाठी सजगतेचे उपचार सरसकट देऊ नयेत असे म्हटले होते. कारण सीबीटीच्या मागचा पुरावा जास्त भक्कम होता. आमचे मत असे की साधना ही सोबत आहे, उपचाराची जागा तिने घेऊ नये.

आणखी एक बारीक गोष्ट आहे. दहा दिवसांच्या शिबिरात आर्यमौन असते. कोणाशी बोलायचे नाही, नजरही मिळवायची नाही. सभेला घाबरणाऱ्या मुलाला तिथे फार बरे वाटते आणि तो म्हणतो, 'माझी भीती गेली.' भीती गेली की नुसती भेटली नाही, हे परत येऊन चार माणसांत बोलल्यावरच कळते. शिबिराच्या अर्जात मानसिक आजार आणि औषधे यांची माहिती विचारतात, ती लपवू नये. शिबिरासाठी स्वतःच्या मनाने औषधे बंद करू नयेत.

धम्माने या भीतीला नाव दिले आहे

अंगुत्तर निकायाच्या नवक निपातातील बलसुत्तात पाच भये सांगितली आहेत. उपजीविकेचे भय, अपकीर्तीचे भय, सभेत बावरण्याचे भय, मरणाचे भय आणि दुर्गतीचे भय. तिसऱ्याला पालीत 'परिससारज्जभय' म्हणतात. परिसा म्हणजे सभा, सारज्ज म्हणजे बावरलेपण. या भीतीला मरणाच्या भीतीच्या रांगेत बसवले आहे, हे लक्षात घ्या. तिला किरकोळ समजलेले नाही आणि तिची टिंगलही केलेली नाही.

मज्झिम निकायातील भयभेरव सुत्तात बोधिसत्त्वाच्या काळातली हकीकत येते. भीती वाटेल अशाच जागी ते मुद्दाम रात्री जाऊन राहत. चालताना भीती आली तर ती शमेपर्यंत चालतच राहत, बसलेले असताना आली तर बसूनच तिला सामोरे जात. भीती आली म्हणून त्यांनी पवित्रा बदलला नाही. सुत्त हे वैद्यकाचे पुस्तक नाही आणि त्यात या आजाराचे निदान शोधू नये. पण भीतीपासून पळाल्याने ती वाढते आणि तिच्यासोबत टिकून राहिल्याने ती उतरते, ही गोष्ट आपल्या परंपरेला परकी नाही. म्हणून उपचार घेणारा बौद्ध तरुण धम्मात कमी पडला असे कोणी म्हणू नये.

बलसुत्त पाच भयांवर चार बले सांगते. प्रज्ञा, वीर्य, निर्दोष आचरण आणि संग्रह. संग्रह म्हणजे लोकांना दान, गोड बोलणे, हिताची कृती आणि समानतेची वागणूक यांनी जोडून घेणे. पहिली तीन माणसाने कमवायची. चौथे मात्र एकट्याने होत नाही, त्याला संघ लागतो.

संघटनांचे काम

आपली चळवळ वक्तृत्वावर वाढली. त्यामुळे आपल्याकडे बोलणारा तो कार्यकर्ता आणि गप्प बसणारा तो प्रेक्षक अशी वाटणी होऊन गेली आहे. जयंतीच्या कार्यक्रमात सहावीतल्या मुलीला अचानक मंचावर ढकलतात, ती अडखळली की सगळे हसतात आणि ती पुन्हा कधी मंचाकडे फिरकत नाही. हे थांबवायला खर्च येत नाही.

बाबासाहेबांनी १ जुलै १९५६ रोजी मुंबईत राजकारणात येऊ इच्छिणाऱ्यांसाठी प्रशिक्षण शाळा सुरू केली होती. म्हणजे सार्वजनिक जीवनात उभे राहणे ही शिकवायची आणि शिकायची गोष्ट आहे, असे ते मानत होते. आपण तिला जन्मजात देणगी का समजायचे?

प्रत्येक विहारात, प्रत्येक अभ्यासिकेत काही गोष्टी होऊ शकतात. बोलण्याच्या पायऱ्या करा. आधी वंदनेच्या वेळी सर्वांसोबत म्हणणे, मग संविधानाची उद्देशिका वाचणे, मग सूचना देणे, मग पाच मिनिटे बोलणे. कोणी अडखळले तर हसायचे नाही आणि मध्येच वाक्य पुरे करून द्यायचे नाही, हा नियम करा. 'आनी-पानी'ची टिंगल करणाऱ्याला तिथल्या तिथे थांबवा. घरची बोली ही चूक नसते. सराव-मुलाखतीला ओळखीच्यांऐवजी दुसऱ्या वस्तीतली माणसे बोलवा. उपचार घेतलेल्या एखाद्याची तयारी असेल तर त्याला अनुभव सांगू द्या. सांगण्याची सक्ती मात्र करू नका.

महाविद्यालयातल्या संघटनांनी दोन प्रश्न लेखी विचारावेत. समुपदेशक नेमला का, आणि त्याचे शिक्षण काय? २०१२ च्या विनियमांनुसार समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी आहे का, आणि त्याच्याकडे आलेल्या तक्रारींचे काय झाले? दोन्ही प्रश्न एकाच अर्जात विचारा. एकाचे उत्तर देऊन दुसरे टाळता येणार नाही. आणि जातीवरून अपमान झाला असेल तर तारीख, वेळ, शब्द, साक्षीदार लिहून ठेवा. समुपदेशकाची भेट ही तक्रारीची जागा घेऊ शकत नाही.

शेवटी त्या मागच्या बाकावरच्या मुलाशी, त्या ताप आल्याचे सांगणाऱ्या मुलीशी आम्हाला बोलायचे आहे. तुम्ही भित्रे नाही. तुमच्या वाट्याला आलेल्या भीतीचा काही भाग या समाजाने दिलेला आहे, त्याचा हिशेब आपण मिळून मागू. काही भाग आजाराचा आहे, तो उतरतो. पुढच्या आठवड्यात एका मित्राला हे सांगा. सगळे सांगता आले नाही तर एवढेच सांगा की 'मला चारचौघांत बोलायची फार भीती वाटते.' आणि ज्याला हे सांगितले जाईल त्याने भाषण देऊ नये. 'कधी जायचं आपण दवाखान्यात?' एवढे विचारावे आणि सोबत जावे. कल्याणमित्र म्हणतात तो हाच.

नमो बुद्धाय, जय भीम!